निरोपाचं हेलिकॉप्टर

लातूर आणि नांदेड या दोन जिल्ह्यांत मॉडेल हेलिकॉप्टरचं इंजिन चालू करता येणारा मी एकमेव मिस्त्री होतो, हे मी अभिमानाने सांगतो. दोन्ही जिल्ह्यांत मिळून तसलं हेलिकॉप्टर एकच होतं, हे मात्र सहसा सांगत नाही.

माझा मूळ धंदा फवारणी पंपांचा. पाठीवर घेऊन सोयाबीनवर औषध मारायचे ते पेट्रोलचे पंप. लातूरला गंजगोलाईच्या मागच्या गल्लीत वडिलांचं दुकान होतं, ते शिलाई मशिनी आणि स्टो दुरुस्त करायचे. मी पंपांकडे वळलो. पंपांबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. पंप बंद पडतो, मी चालू करतो, गिऱ्हाईक 'परत बंद पडला तर बघा' असा दम देऊन जातं. चाळीस वर्षं हेच चाललं. म्हणून दिवाळी अंकाच्या संपादकांनी अनुभव लिहा म्हटल्यावर मी पंप बाजूला ठेवला आणि हेलिकॉप्टर काढलं.

ते उदगीरच्या काशीनाथआप्पांचं. आप्पांचा मंडप-डेकोरेशनचा धंदा. हैदराबादचा कुणी हौशी माणूस परदेशी चालला होता, त्याच्याकडून आप्पांनी ते उचललं. लग्नात नवरा-नवरीवर वरून फुलं टाकायची, ही कल्पना. तेव्हा ड्रोन अजून आपल्याकडे घरोघरी झाले नव्हते. ज्या दिवशी आप्पा पहिल्यांदा दुकानात आले, त्या दिवशी हेलिकॉप्टर जीपच्या मागच्या सीटवर बेल्ट लावून, सोलापुरी चादर पांघरून बसलं होतं आणि आप्पा पुढे ड्रायव्हरशेजारी अंग चोरून. मला वाटलं घरातलं कुणी आजारी आहे. मी त्यांना दवाखान्याचा रस्ता सांगितला.

चादर काढली तेव्हा आत नाकापासून शेपटीपर्यंत अडीच हातांचं हेलिकॉप्टर. वरची पाती फिरली की तीन हात रुंदीचा घेर. पोटाखाली फुलांसाठी पेटी बसवलेली, तिच्यात दोन ओंजळी पाकळ्या मावत. एवढ्या पुष्पवृष्टीने नवऱ्याचा एक खांदा भरला असता, नवरीपर्यंत काही पोचलं नसतं. पण आप्पांनी व्हिजिटिंग कार्डावर आपल्या नावाखाली 'हेलिकॉप्टर मालक' छापून घेतलं होतं, त्यामुळे मी पाने-पक्कड काढली.

आता हे इंजिन काय असतं ते सांगतो. दिसायला पंपाच्या इंजिनाचं बाळ, पण स्वभाव वेगळा. यात ठिणगी नसतेच. मी अर्धा दिवस ठिणगीची कॉइल शोधत बसलो होतो. याच्या प्लगमध्ये केसासारखी बारीक तार असते. ती दीड व्होल्टच्या सेलने लाल करायची, इंजिनाने एकदा धरलं की सेल काढून घ्यायचा, मग तार स्वतःच्याच आगीने लाल राहते. दीड व्होल्ट हा आकडा मला तेव्हा ठाऊक नव्हता. मी जीपची बॅटरी लावली. एका दुपारी मी आप्पांचे तीन प्लग जाळले आणि चौथ्याला मला अक्कल आली. इंधनात पेट्रोलही नाही. मिथेनॉल, जोराला थोडं नायट्रोमिथेन आणि वंगणाला एरंडेल तेल. एरंडेल जळल्याचा धूर पसरला की पन्नाशीपुढची माणसं पोटावर हात ठेवून मागे सरकत, कारण लहानपणी प्रत्येकाला ते नाक दाबून पाजलेलं होतं.

खरी कला सुईत. कार्बोरेटरला एक सुई असते, ती जेवढी आत घ्याल तेवढं इंधन कमी. इंधन कमी केलं की इंजिन जोरात पळतं, आणि इथेच माणूस फसतो. माणूस असो की इंजिन, थोडं उपाशी ठेवलं की उड्या मारतं, जास्त ठेवलं की मरतं. म्हणून सुरुवातीला भरपूर पाजायचं, पांढरा धूर निघू द्यायचा, मग एकेक घर, म्हणजे एकेक खाच, सुई आत घेत जायची आणि मधून इंजिनाच्या पाठीला बोट लावून बघायचं. चार-पाच आकडे मोजेपर्यंत बोट ठेवता आलं तर ठीक. माझ्या उजव्या तर्जनीला त्या वर्षापासून गरम-गार कळत नाही.

उडवायला नांदेडच्या चौधरी मॅडम येत. ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायच्या आणि स्वतः कॉलेजात असताना मॉडेल विमानं उडवायला शिकल्या होत्या. रिमोट हातात घेतला की त्यांच्या तोंडून दोनच वाक्यं निघत, 'चालेल' आणि 'चालणार नाही.' आप्पा त्यांना घाबरत. मीही घाबरत होतो, पण मिस्त्री असल्यामुळे दाखवत नव्हतो.

पहिलं मोठं काम आलं ते लग्नाचं नव्हे, बैलाचं. देवणीला जनावरांच्या प्रदर्शनात एका मालकाचा वळू पहिला येणार हे त्याला आधीच ठाऊक होतं, आणि फुलं वरून पडली पाहिजेत असा त्याचा हट्ट. सगळं गाव श्वास रोखून उभं. हेलिकॉप्टर एरंडेलाचा धूर सोडत वळूच्या डोक्यावर आलं, पेटी उघडली, दोन ओंजळी पाकळ्या पडल्या. वळूने मान वर करून एकदा हेलिकॉप्टरकडे बघितलं, मग खाली बघितलं आणि पाकळ्या खाऊन टाकल्या. मालक आनंदाने रडला. म्हणाला, बघा, जातिवंत आहे, हालला का? त्याच दिवशी हेलिकॉप्टर वळवताना पात्याचा फटका एका बांबूच्या खुंटाला बसला आणि खुंट काकडीसारखा कापला गेला. तो तुकडा मी दुकानात खिळ्याला टांगला. तेव्हापासून माझा एक नियम, पाती फिरत असताना वीस पावलांच्या आत कुणी नाही. मालक असो, आमदार असो, वळू असो.

एवढं सगळं सांगितलं ते माणिकमामांसाठी.

माणिकमामा नायगावकडचे. सरकारी बांधकाम खात्यात मजूर, नेमणूक पाण्याच्या टँकरवर. आपल्याकडे मोठी माणसं हेलिकॉप्टरने येतात तेव्हा कुठल्या तरी शाळेच्या मैदानावर हेलिपॅड आखतात आणि धूळ उडू नये म्हणून त्याला पाणी मारतात. नायगाव, मुदखेड, नांदेडच्या आसपास जिथे म्हणून हेलिकॉप्टर उतरलं, तिथे आधी मामांनी पाणी मारलेलं असायचं. ऑक्टोबरअखेर ते निवृत्त होणार होते. पावसाळा संपता संपता ते एसटीने लातूरला आले, दुकानात स्टुलावर बसले, खिळ्यावरचा खुंट बघितला आणि बोलायला लागले.

"मिस्तरी, बत्तीस वर्सं पाणी मारून राहिलो. पन ते उतरताना म्या बघितलंच न्हाई. पाणी मारून झालं की पोलीस म्हन्तात, चला, दोरीच्या मागं. मागं ही गर्दी. मला निस्तं पात्याचं टोक दिसतं."

मी म्हटलं, मामा, आमचं हे एवढंसं आहे. मामा म्हणाले, आकार त्यांना नको होता. त्यांना एकदाच, निरोपाच्या दिवशी, त्यांनी पाणी मारलेल्या जागेवर हेलिकॉप्टर उतरताना दोरीच्या आत उभं राहायचं होतं. सत्काराचा नारळ नको, शाल नको, भाषण तर नकोच.

आप्पा तिथेच बसले होते. त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी लगेच शब्द देऊन टाकला, "मामा, तुम्ही आतच उभं राहायचं. आपल्या घरचं हेलिकॉप्टर हाय." मी खिळ्यावरच्या खुंटाकडे बघत होतो. तेव्हाच तोंड उघडायला पाहिजे होतं. पण मामांचा चेहरा इतका उजळला होता की मी चहा मागवला. माझ्या कामाच्या आयुष्यातल्या बऱ्याच चुका अशा चहा मागवूनच झाल्या आहेत.

दरम्यान दसरा आला. हे इंजिन ठेवून द्यायचं असेल तर मिथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं आणि बेअरिंग गंजतात, म्हणून टाकी रिकामी करायची, प्लग काढून भोकात आणि कार्बोरेटरच्या तोंडात तेल सोडायचं, चार वेळा फिरवायचं आणि तोंडाला स्वच्छ फडकं बांधून कोरड्या जागी ठेवायचं. जूनमध्ये मी हे सगळं नीट केलं होतं. पण दसऱ्याला घरातल्या यंत्रांची पूजा असते, म्हणून आप्पा ते उदगीरला घेऊन गेले. आप्पांच्या आईने, म्हणजे अव्वांनी, जीपच्या बॉनेटला कुंकू लावलं, जनरेटरला लावलं, आणि मग हेलिकॉप्टरपाशी आल्या. देवापुढे तोंड बांधून बसवू नये म्हणून त्यांनी फडकं सोडलं. आत पाहतात तो खरोखरच तोंड. एवढ्या यंत्रांत तोंड असलेलं एकच. अव्वांनी हळद वाहिली, कुंकू वाहिलं, आणि नैवेद्य नुसता दाखवून पुढे न जाता पुरणपोळीचा तुपात भिजवलेला घास त्या तोंडात घातला.

तिथपर्यंतही निभावलं असतं. पण पाहुण्यांना दाखवायला म्हणून आप्पांनी स्टार्टर लावून इंजिन फिरवलं. त्यानंतर मला फोन आला.

"खलीलभाई," आप्पा हळू आवाजात म्हणाले, "हेलिकॉप्टरनं खाल्लं."

मी इंजिन उघडलं तेव्हा जुन्या एरंडेलाचा चिकटा, गूळ आणि तूप यांचं आत एक पक्वान्न तयार झालं होतं. पिस्टन त्यात रुतून बसलेला. दोन दिवस हलक्या आचेवर बाहेरून ऊब देत, थंड झाल्यावर मिथेनॉलने धूत मी तो मोकळा केला. माझी बायको शमीम स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून म्हणाली, की इतक्या वर्षांत तुम्ही चुलीपाशी आलात तेही इंजिनासाठी. पुरण निघालं, पण हळद-कुंकवाने सिलिंडरला बारीक ओरखडे पाडले होते आणि दाब कमी झाला होता. मी आप्पांना साफ सांगितलं, हे उडेल, पण गरम झालं की दम सोडेल. पाच-सात मिनिटं धरा, जास्त नाही. आप्पा म्हणाले, अव्वांना सांगू नका. आणि मग म्हणाले की मामांच्या निरोपाच्या पत्रिका छापून झाल्या आहेत.

पत्रिकेत 'हेलिकॉप्टरचे आगमन सकाळी ११ वाजता' असं छापलेलं होतं. कुठलं, कुणाचं, केवढं, काही नाही. त्यामुळे निरोपाच्या दिवशी नायगावजवळच्या शाळेच्या मैदानावर आम्ही पोचलो तेव्हा एक पोलीस जमादार आधीच हजर. त्यांनी आप्पांना विचारलं, हेलिकॉप्टरमधून उतरणार कोण? आप्पा म्हणाले, कुणीच नाही. जमादारांनी वहीत 'निरंक' लिहिलं आणि विचारलं, मग येऊन राहिलं कशाला? आप्पांनी जीपच्या मागच्या सीटवरची चादर उचलून दाखवली. जमादारांनी वाकून बघितलं, वही मिटली आणि म्हणाले, बंदोबस्त तरी लावतो, कागदावर आलंय तर.

मामांनी हेलिपॅड खरं आखलं होतं. खऱ्या मापाचं. चुन्याचं भलंमोठं वर्तुळ, मध्ये इंग्रजी एच, त्याची एकेक रेघ आमच्या हेलिकॉप्टरपेक्षा लांब. पहाटेपासून स्वतः पाणी मारून जमीन बसवली होती. चारी बाजूंनी खात्याच्या मापाने दोरी, इतक्या लांब की त्या दोरीमागून म्हाताऱ्यांना हेलिकॉप्टर दिसणंच शक्य नव्हतं. दोरीमागे गाव, मामांचे सोबती, घरची माणसं, शाळेची बाकं आणि सत्काराला आलेले खात्याचे साहेब, हातात हार घेऊन. मामा इस्त्रीचं धोतर आणि नवी टोपी घालून दोरीच्या आत, मधोमध उभे होते.

मॅडमनी त्यांच्याकडे बघितलं आणि माझ्याकडे वळल्या. "चालणार नाही."

मला तेच सांगायचं होतं, महिनाभर आधी. आता ते सगळ्या गावासमोर सांगावं लागलं. मी मामांजवळ गेलो. म्हटलं, मामा, पाती फिरताना मी कुणालाच आत राहू देत नाही. उतरताना तुम्हाला आत उभं करता येणार नाही. आप्पांनी शब्द दिला तेव्हाच मी बोलायला पाहिजे होतं, चूक माझी.

मला वाटलं ते चिडतील. चिडले असते तर बरं झालं असतं. मामांनी फक्त मान हलवली, "हाव," म्हणाले आणि सवयीने दोरीकडे चालायला लागले. बत्तीस वर्षं जसे गेले तसेच, कुणी 'चला' म्हणायच्या आधी. कुणाला इतक्या सहज बाजूला होताना मी बघितलं नव्हतं, आणि तेही माझ्या शब्दावर.

मी त्यांना हाक मारून थांबवलं.

"मामा, चालू करताना डोकं धरायला माणूस लागतो. पात्यांच्या मधला तो गड्डा, तो घट्ट धरायचा, नाहीतर पाती फिरतील. आणि उतरल्यावर इंजिन हळू झालं की क्लच सुटून पाती थांबतात, तेव्हा आत जाऊन पुन्हा तेच धरायचं आणि ही इंधनाची नळी चिमटीत दाबायची. तेव्हा इंजिन बंद होतं. तोवर ते उतरलं असं आम्ही धरत नाही. टेकलं म्हणजे उतरलं नव्हे."

हा नियम मी तिथल्या तिथे केला. म्हणजे डोकं धरायचं आणि नळी दाबायची हे खरं, पण ते काम आजवर माझंच होतं. आणि 'उतरलं कधी म्हणायचं' यावर मी यापूर्वी कधी विचार केला नव्हता. मॅडमनी क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, "चालेल."

हेलिकॉप्टर आम्ही दोरीजवळ मांडलं, मामा धोतर सावरून त्याच्यापाशी खाली बसले. मी त्यांचा हात धरून गड्ड्यावर ठेवला. टँकरचा पाइप धरलेला हात, एकदा पकडला की सुटत नाही असा. दीड व्होल्टचा सेल प्लगला लावला, स्टार्टरचा दांडा वरून खोचला आणि फिरवला. पहिल्यांदा काही नाही. दुसऱ्यांदा एक फुसका आवाज. आप्पा डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होते. तिसऱ्यांदा इंजिनाने धरलं, एरंडेलाचा पांढरा लोट मामांच्या नव्या टोपीवरून गेला आणि दोरीमागची पन्नाशीपुढची रांग दोन पावलं मागे सरकली. मी सेल काढला, सुई एक घर आत घेतली, बोट लावलं. तर्जनीला कळत नाही म्हणून मधलं लावलं. चटका जरा जास्तच होता, पण वेळ नव्हता.

मामांनी डोकं धरलेल्या हाताने हेलिकॉप्टर उचलून एचच्या मधल्या रेघेवर नेऊन ठेवलं आणि मग, मी सांगितलं म्हणून, दोरीपाशी आले. ते उडालं. लिंबाच्या झाडाइतकं वर गेलं, मैदानाला एक फेरी मारली. पेटी उघडली, पण वारा पलीकडे होता, त्यामुळे पुष्पवृष्टी शेजारच्या आवारातल्या एका शेळीवर झाली. तिसऱ्या मिनिटाला आवाज बदलला. तो आवाज मला ओळखीचा होता, गरम होऊन दम सोडतानाचा. मी काही बोलायच्या आत मॅडमनी तोंड घट्ट मिटून ते खाली आणायला सुरुवात केली. डुलत डुलत आलं, शेवटी हातभर उंचीवरून धपकन बसलं. मामांनी जमीन इतकी भिजवली होती की ते नुसतं रुतलं, मोडलं काही नाही. इंजिन हळू गतीवर धडधडत राहिलं, पाती मंदावली आणि थांबली.

मी म्हटलं, "जा मामा."

मामा एकटेच आत चालत गेले. भिजलेल्या मातीत धोतर न सांभाळता खाली बसले, डाव्या हाताने डोकं धरलं, उजव्या हाताची चिमूट नळीवर ठेवली. आणि दाबली नाही.

गाव बघत होतं. मिनिट गेलं. इंजिन फुटफुटत होतं, मामा त्याच्याकडे बघत बसले होते. उन्हात हार धरलेल्या साहेबांनी एकदा माझ्याकडे बघितलं. आप्पा माझ्या कानाशी येऊन म्हणाले, बंद करा म्हणा, साहेब उभे हायत. मी आप्पांना सांगितलं की ठेवून देण्याआधी टाकीतलं सगळं जळून जाऊ दिलेलंच बरं. मिस्त्री म्हणून हे अर्धसत्य आहे. इंधन संपता संपता इंजिन उपाशी पळतं आणि ओरखडे पडलेल्या सिलिंडरला ते मुळीच मानवत नाही. ते इंजिन त्या दिवसानंतर कधी नीट चाललं नाही, आणि याचा दोष अव्वांच्या पुरणाला न देता माझ्या नावावर लिहावा.

दुसरं मिनिट गेलं. साहेब चांगला माणूस होता. तो दोरीपाशी आला, हार एका हातातून दुसऱ्या हातात घेतला आणि जरा वाकून विचारलं, "मामा, येऊ का आत?"

मामांनी मान वर केली नाही.

"थांबा साहेब. अजून उतरलं न्हाई."

साहेब थांबले. जमादार थांबले. शाल, नारळ, भाषणाचा कागद, सगळं दोरीच्या मागे उन्हात थांबून राहिलं. टाकी संपत आली तसा इंजिनाचा आवाज एकदा उंच गेला, मामांनी डोक्यावरची पकड घट्ट केली, आणि मग ते आपोआप बंद पडलं. मामांनी पकड सोडली. मग टोपीने हात पुसले, उठले, चिखलाच्या धोतराने सावकाश चालत दोरीपर्यंत आले आणि दोरी उचलून वर धरली. साहेब तिच्या खालून वाकून आत आले.